खिशाला शिवलेला चंदेरी कागद

मित्रहो, आज सकाळी राजारामपुरीतील मोबाइलच्या दुकानात राधानगरीकडचे एक वयस्कर जोडपे भेटले. गृहस्थांची तक्रार होती, की फोन वाजतच नाही. कारण लवकरच सापडले. लहरी काळजापर्यंत पोहोचू नयेत म्हणून पत्नीने त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला आतून पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी कागद शिवला होता!

मी समजावले, की शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींसाठी दर किलोमागे १.६ वॅटची मर्यादा असते आणि हा फोन तिच्या आत आहे. उलट कागदामुळे रेंज शोधताना फोन अधिक जोर लावतो.

"मर्यादा सरकारनं ठरवलीया. काळीज ह्यांचं हाय की!" बाई म्हणाल्या.

"बघा की पावणं, सुखानं जगू देत न्हाय ही!" गृहस्थ मला म्हणाले.

माझी माहिती अचूक होती, हेतू मात्र शुद्ध नव्हता. तो कागद माझ्या डोळ्यांत खुपत होता; तो निघावा, एवढेच मला हवे होते. माझाही फोन छातीवरच्या खिशातच असतो. पत्नी गेल्यापासून त्यावरून मला कोणी रागावलेले नाही.

बाईंनी तिथेच टाके उसवले. "हितनं फुडं फोन माझ्या पिशवीत ऱ्हाईल," त्या म्हणाल्या, आणि माझा मत्सर दुप्पट झाला.

तुम्हाला असे कोण छळते? त्यांच्यावर आज चिडलात काय?