कमी पगाराची तालीम

तुमसरच्या आमच्या राइस मिलमधला फिटर म्हणजे डोक्यात जाणारा माणूस. पट्टा सटकला की यंत्राला कान लावून बसायचा, आणि आम्ही बोलायला लागलो की याला कानच नाहीत!

गेल्या साली त्यानं मोटरसायकल विकली आणि सायकलवर यायला लागला. चहा बंद केला. डब्यात रोज भात आणि चटणी. घरी काहीतरी संकट आलं असेल, असं मला वाटलं. मी वजनकाट्यावरचा कारकून. मीच पुढाकार घेऊन हमालांपासून सगळ्यांची वर्गणी गोळा केली आणि पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

तो भडकलाच. पाना जमिनीवर आपटून म्हणाला, "कायले जमा केले हे पैसे? मले भीक लागली का? पुढच्या साली मी नोकरी सोडतो, न बापाच्या हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणतो. तिथं जेवढं भेटन, तेवढ्यातच आतापासून घर चालवून राहिलो. बाकीचा पगार बँकेत टाकतो. जमते का नाही, ते पहिले पाहा लागते ना, बाबू!"

मग पाकीट माझ्याच खिशात कोंबलं. "तुमाले भी कुठं जायचं असन, त याच्यापासून सुरू करा."

अठरा वर्षं मी या खुर्चीवर बसून नोकरीच्या नावानं कुरकुरतोय. म्हणजे ते सगळं याला ऐकू जात होतं!

सगळ्यांचे पैसे मी परत केले. माझ्या शंभराचे मात्र नाक्यावर उभं राहून आलुबोंडे खाल्ले, आणि प्रत्येक घासाला त्याला शिव्या घातल्या.