उष्ट्याचं वजन

ठमाबाई शेलारांच्या हातचं जेवून कुणी ताटात घास टाकला, की तो त्यांच्या जिव्हारी लागायचा. खारबावजवळच्या त्यांच्या माहेरी रीतच तशी होती. पाहुण्यानं ताट चाटूनपुसून ठेवलं तर रांधणारीचा मान राहिला. आणि काही उरलंच, तर पाहुणा हात धुवायला वळेपर्यंत घरातली बाई ते उचलून ढोरांच्या बादलीत टाकणार. उष्टं परक्याच्या नजरेला पडता कामा नये. आता या रीतीत वाईट काय, तुम्हीच सांगा! पण चौऱ्याहत्तर साली याच रीतीनं ठमाबाईंना असं गोत्यात आणलं, की त्यांची झोप उडाली.

नवरा गेल्यावर त्या भिवंडीला आल्या आणि बाळाराम शेठच्या यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यात चौतीस कामगारांचं जेवण रांधू लागल्या. कारखान्यामागे पत्र्याची शेड, तीत दोन चुली आणि एक मोरी. रांधायचं तिथंच आणि राहायचंही तिथंच. शेठ माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. "ठाण्याचा हॉटेलवाला जेवनाचा ठेका दे म्हनून मागं लागलाय माज्या," असं तो महिन्यातून एकदा तरी ऐकवायचा.

त्या साली रेशनवर लाल मिलो मिळायचा. अमेरिकेची ती ज्वारी, तिची भाकरी कशीबशी थापली जायची. अशात मुंबईच्या कॉलेजातून हेमलता गुप्ते नावाची मुलगी आली. आहाराचं शास्त्र शिकलेली, चष्मेवाली, बोलायला गोड. शेंगदाणे आणि हरभऱ्याचं पौष्टिक पीठ मिलोच्या भाकरीत मिसळायचं, कामगार ते खातात का बघायचं, आणि खाल्लं तर भिवंडीतल्या आणखी दहा कारखान्यांत सुरू करायचं, असं तिचं संशोधन. आणि खाल्लं किती हे कळावं म्हणून ताटात उरलेलं रोज तोलायचं!

"ठमाबाय, ताईचं काम झ्याक झालं पायजे," शेठनं बजावलं. "न्हायतर हॉटेलवाला हायच."

पहिल्याच दुपारी निम्म्या ताटांत भाकरीचे चतकोर उरले. हेमलता पुढे लूमपाशी वही घेऊन उभी होती, ताटं मागे मोरीपाशी येत होती. शिकलेली पोर आता माझ्या हातचं उष्टं तराजूत घालणार? डोक्यानं काही ठरवायच्या आधीच हात चालले. चतकोर बादलीत गेले आणि ताटं पाण्यात.

"काहीच उरलं नाही?" हेमलतानं येऊन विचारलं.

"न्हाय ताई."

वहीत शून्य पडलं. दुसऱ्या दिवशीही शून्य, तिसऱ्या दिवशीही. आता मध्येच खरं बोलायचं तर पहिलं खोटं उघडं पडणार. तीन आठवडे वहीत शून्यं भरत गेली आणि मागे बादली. हेमलता बिचारी खूश. तिची खुशी बघून ठमाबाईंना घास गोड लागेना.

चौथ्या आठवड्यात हिरामण नावाच्या कामगाराला लूमपाशीच घेरी आली. शेजारच्या इस्माईलनं झटकन लूम बंद केला म्हणून निभावलं, नाहीतर हात गेला असता. ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

"काय न्हाय मावशी," हिरामण पुटपुटला. "पोट रिकामं हाय, दुसरं काय!"

"अरे, मगाशी जेवलास ना?"

"ती भाकर उतरते कुठं?"

"गले में अटकती है, मौसी," इस्माईल म्हणाला. "आपको बुरा लगेगा, इसलिए बोलते नहीं."

ठमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मेले माझा मान राखत होते, आणि मी माझाच मान राखत यांची भूक बादलीत ओतत होते! तेवढ्यात हेमलता हसत हसत आली. "ठमाबाई, सोमवारी माझा अहवाल जाणार. मग दहाही कारखान्यांत तुमची भाकरी!"

दहा कारखाने म्हणजे असे किती हिरामण? ठमाबाई वळल्या. मोरीपाशी गेल्या, आजची बादली उचलून आणली आणि धाडकन हेमलतापुढे ठेवली.

"तोला," त्या म्हणाल्या. "रोज एवढं उरतंय. मी लपवलं. शेठला सांगा, मला हाकला, पण ही भाकर कुठं धाडू नका."

हेमलतानं बादलीत वाकून पाहिलं. तिचे डोळे भरले. "तीन आठवडे, ठमाबाई?"

"व्हय ताई," ठमाबाई म्हणाल्या. आता शेठला हाक जाणार, आपलं गाठोडं बांधायचं, एवढंच मनात. पण पोरीनं चष्मा पुसला, खाली फतकल मारून बसली आणि विचारलं, "ते का टाकतात? तुम्हाला काय वाटतं?"

"मला इचारताय?"

"मग आणखी कुणाला?"

देवाशपथ, पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. किती रांधायचं, केव्हा वाढायचं, हे सगळे सांगायचे. तुला काय वाटतं, असं विचारणारं हे पहिलंच माणूस. ठमाबाई आधी अडखळल्या, मग सुटल्याच.

"ताई, यांचा लूम थांबत न्हाय. एक जेवतो तवा जोडीदार त्याचा बी लूम बघतो. दहा मिनटं गावतात. घशात सुताचा कीस. मिलो आधीच कोरडा, त्यात तुमचं पीठ आनखी कोरडं. चावायला येळ कुनाला हाय? पीठ भाकरीत नगंच. मी ते भाजून, चिंच-लसूण घालून पातळ कालवण करते. त्यात भाकर कुस्करली की झालं काम!"

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. ताटं आता हेमलताच्या समोर येत होती. पहिल्या दिवशी तराजूत चार चतकोर पडले, आठवड्यानं एकच. हिरामण दोनदा कालवण मागायचा. हेमलतानं कॉलेजात जाऊन वहीतले पहिले तीन आठवडे स्वतःच्या हातानं खोडले आणि तिथल्या मोठ्या बाईंची बोलणी खाल्ली. शेठला म्हणाली, "ताटांजवळ मी उभं राहायला हवं होतं, चूक माझी." ठमाबाईंचं नाव तिनं ओठांवर येऊ दिलं नाही. हॉटेलवाल्याचं नाव शेठनंही पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर हेमलता छापील अहवाल घेऊन आली. त्यातली एक ओळ तिनं बोट ठेवून वाचली: "कामगारांच्या जेवणाची ही पद्धत श्रीमती ठमाबाई चिंधू शेलार यांनी सुचवली." गेलेल्या नवऱ्याचं, चिंधूचंही नाव छापून आलेलं! ठमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरी, तुजे उपकार कसे फेडू ग?" म्हणाल्या, आणि फेडायचा एकच मार्ग माहीत असल्यानं लगबगीनं तिला जेवायला वाढलं.

हेमलता चार घास जेवली आणि थांबली. अर्धी भाकरी आणि वाटीभर कालवण ताटात तसंच. ठमाबाईंचा हात सवयीनं ताटाकडे गेला, आणि तिथेच थबकला.

"का टाकलंस ग बाय?"

"रागावणार नाही ना? खारट झालंय. खूपच."

ठमाबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग खदखदा हसत कोनाड्यातला तराजू काढला आणि ते ताट त्यात ठेवलं.

"काढ वही," त्या म्हणाल्या. "लिव. उरलं, अर्धी भाकर आन् वाटीभर कालवण. कारन, आनंदाच्या भरात ठमाबायनं दोनदा मीठ घातलं."