बिनदुकानाची दुकानदारीण

कारंज्याहून मानोऱ्याला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक पोरगी मांडीवर लॅपटॉप उघडून बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली की ती आधी लॅपटॉप धरायची, मग स्वतःला. आपल्या बंजारा तांड्यातल्या बायांनी भरतकाम केलेल्या पिशव्या परदेशात विकते म्हणाली.

"दुकान कुठी हाय वं तुयं?" मी विचारलं.

"दुकान नाही, आजी. मी असीन तिथून धंदा. पैशापायी कोनाचं तोंड पाहाचं नाही, असं ठरवलं."

मी तरुणपणी कारंज्यात बांगड्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक परत जाईल म्हणून सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेले नाही आणि स्वतःला फार हुशार समजले. त्या दिवशी एकच माणूस आला, तोही सुटे मागायला.

"मंग तुयी माय खूश असन," मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवला. "ऊसतोडीत मायनं मले कडेवर घेऊन गावोगाव दिवस काढले. आता मी गोव्यात राहून धंदा करतो म्हनलं, तं रडते. म्हनते, पुन्हा फिरासाठीच शिकवलं का तुले? आज शेवटचं विचारतो. नाही म्हनली तं नाही जात."

एरवी मला प्रत्येक गोष्टीत मत असतं. तेव्हा मी पिशवीतले फुटाणे काढून तिच्या हातावर ठेवले.

तांड्याच्या फाट्यावर ती उतरली, तिथं तिची आई उभी होती. आईनं लेकीची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि पुढं चालू लागली. ओझं हलकं करायला की लेक अडवायला, याचा मी मानोऱ्यापर्यंत विचार केला. अजून करतेच आहे.