शेवाळी भिंत आणि सासूबाईंचा होकार

मध्यंतरी सासूबाई माझ्या एका म्हणण्याला पहिल्याच झटक्यात हो म्हणाल्या... आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला.

आमचा जुळे सोलापुरातला फ्लॅट रंगवायला काढला होता. हॉलची एक भिंत गडद ऑलिव्ह करायची, हे माझ्या मनात कधीपासूनचं. ऑलिव्ह म्हणजे आपला गडद शेवाळी. नवरा 'आईला विचार' म्हणून मोकळा झाला.

सासूबाई उजनीकाठच्या गावच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात, पण अधूनमधून एकट्याच एसटीने जाऊन केळीची बाग बघून येतात. माझे पडदे, माझे कप, माझी फोडणी... कशालाच त्यांनी आजवर बरं म्हटलेलं नाही. म्हणून भांडायच्या तयारीनेच मी शेडकार्ड पुढे केलं.

"लई ब्येस हाय की," म्हणाल्या. वर आणखी, "बोळात बी ह्योच दे. पार बाथरूमपतूर."

बोळ म्हणजे त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा पॅसेज. तिथे खिडकी नाही, अंधार होईल, असं पेंटरनेही सांगून पाहिलं. सासूबाई हटेनात.

मला दाट संशय आला. नणंदेला फोनवर सांगायला विषय हवा असणार... सुनेने घराची गुहा केली म्हणून. मी त्यांचे फोन कान देऊन ऐकले, तर त्यात रंगाचा र सुद्धा नाही. मग वाटलं, आज माझ्या मनासारखं करून उद्या गावचं कुणीतरी इथे राहायला आणायचं असेल... तसंही काही निघेना.

रंग झाला. सासूबाई बोळातून जाता-येता भिंतीकडे बघून खूश व्हायच्या. आता तर माझी खात्रीच पटली, की काहीतरी शिजतंय.

एक दिवस ऑफिसमधून दुपारीच घरी आले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर सासूबाई बोळात उभ्या. हात लांब करून त्यांनी दिव्याचं बटण दाबलं... बंद केलं... परत दाबलं. गडद भिंतीवर ते पांढरं बटण छान उठून दिसत होतं. मी समोरच दारात. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण हाय?"

चप्पल न काढताच मी आत धावले.

"आत्या, मी आहे," म्हणत सासूबाईंना जवळ बसवलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. पांढरी भिंत, पांढरं बटण, पांढरी चौकट... त्यांना सगळं एकच दिसायचं. चाचपडत जायच्या, पण कुणाला कळू द्यायच्या नाहीत.

"त्याला सांगू नगंस बाई. मग मला एकटीला गावाला सोडायचा न्हाय त्यो."

नवऱ्याला सांगितलंच. पण आधी कबूल करून घेतलं, की त्यांचं गावाला जाणं बंद करायचं नाही. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि ऑपरेशनही नीट पार पडलं.

काल त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. भिंत वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळली. "अगं, ह्यो कसला रंग म्हनायचा? सारवल्यागत दिसतंय की समदं."

माझ्या आवडीला नावं ठेवलेली ऐकून मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. मी हसता हसता डोळे पुसत होते... आणि त्यांना ते लगेच दिसलं.