मटारची शेंग आणि दहा पिना

मटार सोलायला बसलं की त्या कच्च्या, गोडसर वासाबरोबर मला मयूर विहारच्या या फ्लॅटमधली हिवाळ्यातली एक दुपार आठवते.

धाकट्या भावाने टीव्हीवर बॉल घरंगळवून दहा पिना पाडायचा बोलिंगचा गेम लावला होता. रिमोट धरून हात नुसता झुलवला की पडद्यावर बॉल सुटायचा. आपल्यासारखी दिसणारी बाहुलीही बनवता यायची. आईची चष्म्याची आणि अंबाड्याची होती. तिचा नंबर आला आणि भावाने रिमोट तिच्या डाव्या हातात कोंबला, तेव्हा तिच्या मांडीवर मटारचं ताट होतं. "थांब रे, हातातली शेंग होऊ दे," ती म्हणाली.

"अगं चलो यार, मशीन वाट बघतंय!" बाबा ओरडले.

त्या गडबडीत आईने उजव्या हातातली शेंगच टीव्हीकडे भिरकावली. त्याच झटक्यात डाव्या हातातला रिमोट हलला आणि पडद्यावरच्या दहाही पिना आडव्या झाल्या. बाबा हसून हसून रजईवर कोसळले. मला मात्र तो सगळा पोरखेळ वाटला होता. ज्याला खेळता येत नाही तोही जिंकतो, मग त्यात काय मजा?

आता वाटतं, तीच तर मजा होती.

आई-बाबा गेले, भाऊ परदेशात स्थायिक झाला. मी अजून कधीकधी तो गेम लावते आणि दोन खेळाडू निवडते. माझा बॉल टाकून झाला की मटार सोलत बसते. पडद्यावर चष्मा लावलेली आई बॉल घेऊन उभी असते. एक शेंग होते, दुसरी होते. ताटातल्या शेंगा संपतात, तरी मशीन वाट बघतच असतं.