वणव्याच्या कामाची परीक्षा

वणवा विझवायला जंगल खात्याला दमदार माणसं हवी होती. म्हणून सुप्याजवळच्या चढावर पाठीवर वाळूचं पोतं देऊन, न थांबता चढायला लावत. माझे घरधनी रांगेत होते. आदल्या वर्षी गुंदच्या रानातल्या वणव्यात माझ्या भावाचे दोन्ही हात होरपळले होते. यांना ते काम मिळू नये, असं मी खाली उभी राहून देवाला विनवत होते. ते अर्ध्यात अडखळून गुडघ्यावर आले, तेव्हा मला हायसं वाटलं. पण ते पोत्यासकट लगेच उठले आणि माथ्यावर पोचले.

"पास झालो गं!" खाली येऊन ते धापा टाकत म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं आणि त्यांच्या पाठीवरची वाळू झटकली.

उन्हाळाभर दिग्गीच्या रानाच्या बाजूला धूर दिसला की मी जेवणावरून उठत असे. पावसाच्या तोंडावर ते धडधाकट परतले. मी आधी त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले.