नानांचं पोर्टल

धुळ्यात, देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे आम्ही म्हातारे सकाळी बसतो. बसलं की किस्से साचतात, अंगणातल्या पाचोळ्यासारखे; झाडले तरी उद्या पुन्हा तेवढेच! हल्ली त्यातले निम्मे नानांचे. मला ते रुचत नाही, पण सांगतो.

नाना म्हणजे इंग्रजीचे रिटायर मास्तर. मी शाळेत गेलोच नाही. तरी कुणाच्या नव्या घराची चौकट बसायची असली, की पूजेचा नारळ फोडायचा मान माझा. नाना गल्लीत राहायला आले तोवर!

*

पीकविम्याचं पोर्टल बंद पडलं होतं. नाना म्हणाले, "पोर्टल म्हणजे मूळ दरवाजा. लॅटिनमध्ये 'पोर्टा', गावाची वेस!"

मी म्हटलं, "म्हंजे आपन सारे वेशीबाहेर!"

कुणी हसलं नाही. जरा वेळाने माझंच वाक्य नाना बोलले. हसता हसता शेजारच्या बापूच्या नाकातून चहा आला!

*

त्याच बापूची सोनोग्राफी झाली. डॉक्टर 'पोर्टल व्हेन' म्हणाले, बापू घाबरला. नाना म्हणाले, "अरे, लिव्हरच्या दारातली शीर ती. शब्द तोच!"

बापूला बोलवायला आलेली त्याची बायको म्हणाली, "मंग त्या दारले कुलूप लाई द्या नाना, दारू तथूनच जास!"

टपरी हसली. शाबासकी कुणाला? नानांना!

*

चाळीसगावला लेकीकडे गेलो, तर जावयाने मला एक शब्द दिला. कॉरिडॉर, म्हणजे मुळात धावायची जागा. एसटीत धुळ्यापर्यंत घोकत आलो. सकाळी टपरीवर टाकला.

नाना खूश! "वा आबा! कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाला, "कुनी म्हंजे? तुमीच ना, नाना!"

*

मग बापूने नवं घर काढलं. चौकटीचा नारळ नानांच्या हाती. मी चौकट सरळ धरून उभा. नानांनी नारळ फोडला आणि वेशी, किल्ले, पोर्टल असं जे सुरू केलं, की गवंडीही थापी हातात धरून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने चौकट उलटी, आतली बाजू बाहेर, अशी बसवली!

दोन दिवसांनी सुतार दार घेऊन आला. "बापू, हे तर रस्त्यावर उघडी राह्यनं!"

सिमेंट कडक. मला वाटलं, आता सापडले नाना!

नानांनी शांतपणे पाहिलं. "मोठ्या हॉलची दारं बाहेरच उघडतात." बापूची छाती फुगली.

पुढे आमच्या पोराने घर बांधायला काढलं. गवंड्याला म्हणाला, "दार बाहेर उघडनारं पाह्यजे, बापूंसारखं." नारळासाठी स्वतः जाऊन नानांना बोलावून आला.

मग माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आबा, तुमी चौकट धरा. तुमले सवय शे!"